काकूंना एक विचारशील?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाला महाडला गेलो होतो. जेवणं आटोपेपर्यंत अडीच वाजले आणि परतीची एसटी पाचची. मधल्या वेळात चवदार तळ्यावर गेलो. महाडवरून आजवर किती वेळा गेलो असेन, पण त्या पायऱ्यांवर बसायला साठी उलटावी लागली. बसलो तो तासभर उठवेना. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते तुलाच लिहायला हवं, कारण त्यातलं निम्मं आपल्या आळीतलं आहे.

तळं तसं फार मोठं नाही, चार-पाच एकरांचं असेल. चोहोबाजूंनी रस्ता, रस्त्यापलीकडे घरं. मालकी नगरपालिकेची. 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी 1924 मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ही तारीख शाळेत आपल्याला कोणी सांगितली नव्हती. आपल्याला सांगितली ती 20 मार्च 1927, सत्याग्रहाची. मधली तीन वर्षं ठराव दप्तरात पडून होता आणि बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला आलेला महार माणूस तहान लागली की महारवाड्यातल्या विहिरीकडेच जात होता.

1927 च्या मार्चात महाडला अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा मांडवात पाणी लागणार म्हणून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. मार्चातली महाडची दुपार तुला ठाऊक आहे. तळं हाकेच्या अंतरावर, ठरावानं खुलं, आणि पाणी विकतचं! मग बाबासाहेब उठले, हजारो माणसं त्यांच्यामागून शिस्तीत चालत गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून लोकांनी त्यांना मारलं, हे आपण वाचलेलंच आहे.

मला पायऱ्यांवर बसवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. स्पृश्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. 108 घागरी पाणी उपसलं, मग दही, दूध, शेण आणि गोमूत्र भरलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या आणि पाणी पिण्याजोगं झाल्याचं जाहीर केलं. ज्या गावाला 1901 चा म्युनिसिपालिटीचा कायदा लागू होता, गटारं, मैला, कचरा, पिण्याचं पाणी सगळ्याची जबाबदारी ज्यात लिहिलेली होती, त्या गावात पिण्याच्या पाण्यात शेण गेलं आणि पाणी स्वच्छ ठरलं. आणि 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा निघाले ते बोटीनं, दासगावच्या बंदरात उतरून पायी महाडला. पुढे स्पृश्यांनी घातलेला दावा हायकोर्टापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 ला निकाल लागला, की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवायची त्यांनी सांगितलेली अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. तीन ओंजळी पाण्यासाठी दहा वर्षं, रे.

आता आपल्या आळीतलं.

आजोबांच्या ट्रंकेत ब्रिटिश अमदानीतल्या पावत्या निघाल्या. एकीवर घरपट्टी, खाली हलालखोर पट्टी. मोडीतली सही, आजोबांचं पूर्ण नाव, घर नंबर, सगळं व्यवस्थित. आणे-पैसे भरले की मैला उचलला जायचा. आपल्या लहानपणीही तेच होतं. परसातला टोपलीचा संडास, मागचा बोळ, आणि सकाळी खराट्याचा आवाज आला की आपल्याला तिकडे जायची बंदी. मैला उचलणारी ती बाई राख पसरायची, टोपली डब्यात उलटी करायची आणि डबा डोक्यावर घेऊन जायची. पावसात अंगावर गोणपाटाची खोळ असायची, ती भिजून काळी झालेली. डब्यातलं पाणी खोळीवर ओघळताना मी पाहिलंय.

वैशाखातली ती सकाळ तुला आठवते? फणसाखाली आपण गोट्या खेळत होतो. ती बोळाच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "पाणी वाढा, वहिनी." आईनं तांब्या आणला, पायरीवर उभी राहून हातभर उंचावरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती प्याली, तोंडावरून हात फिरवला आणि गेली. आई आत जाऊन तोच तांब्या चुलीतल्या राखेनं घासायला बसली. तू विचारलंस, "पण काकू, तो शिवला कुठे तिला?" आई म्हणाली, "गप बस, खेळा तिकडे." आणि आपण खेळलो.

माझी आई वाईट नव्हती, हे मी तुला सांगायला नको. तरी तो तांब्या मला त्या घागरींच्या शेजारीच ठेवावा लागतो. ती बाई रोज आमचं घर स्वच्छ करून जायची आणि ती गेल्यावर आम्ही तिच्यापासून घर स्वच्छ करायचो. आळीत सेप्टिक टँक आले ते आपण कॉलेजात असताना. तशा संडासांवर बंदीचा केंद्राचा कायदा झाला 1993 मध्ये, तोवर माझे केस पिकायला लागले होते. आईला याबद्दल कधी विचारलं नाही, आता विचारता येत नाही.

परवा पालिकेत गेलो होतो. म्हटलं, सफाई कामगारांची जुनी हजेरीबुकं असतील. कारकून भला होता, माळ्यावर चढून दोन गठ्ठे काढले त्यानं. वाळवीनं पानं जाळीसारखी झालेली. हात लावला तर चुरा हातात आला.

मित्रा, तिचं नाव मला माहीत नाही. आपण सगळे तिला तिच्या कामाच्या नावानंच हाक मारायचो. आजोबांचं नाव पावतीवर ऐंशी वर्षं टिकलं, तिचं दहा वर्षांतही आपल्या तोंडी आलं नाही. तुमच्या घरच्या काकू नव्वदीत आहेत, पण त्यांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली. तुमच्या पडवीशी ती कधी कधी थांबून बोलायची, काकू तिच्या पोरीसाठी जुने परकर द्यायच्या, हे मला पक्कं आठवतंय. घाई करू नकोस, दुपारी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बस आणि विचार. नाव आठवलं तर त्याच दिवशी फोन कर. ती पोर कुठे दिली तेही विचार.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझाच