इंग्रजी करसिव्हला तास मिळतो, मोडीला का मिळू नये?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंग्रजीचे करसिव्ह, म्हणजे अक्षराला अक्षर जोडून लिहिण्याचे वळण, शाळांनी मुलांना यापुढेही शिकवावे की ते आता बंद करावे, यावर सध्या पालकांमध्ये आणि शिक्षकांमध्ये बरीच चर्चा होत असते. मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास हे विषय शिकवून निवृत्त झालो असून आता माझा बराचसा वेळ जुनी कागदपत्रे वाचण्यात जातो. या चर्चेत मराठीच्या स्वतःच्या जोडून लिहिण्याच्या वळणाचा, म्हणजे मोडीचा, उल्लेखही होत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. आठवीत किंवा नववीत एक वर्षभर, आठवड्यातून एक तास, मोडी वाचायला आणि लिहायला शिकवावी, अशी माझी मागणी आहे, आणि ती भावनेपोटी नसून गरजेपोटी आहे, हे दाखवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

करसिव्हबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. चाररेघी वहीत सहा वर्षांच्या मुलाकडून सुटे अक्षर नीट बसण्याआधीच जोडअक्षर गिरवून घेणे मला पटत नाही. त्या वयात बोटांची पकड तयार झालेली नसते. अनेक शाळांत मूल एकाच वर्षी देवनागरीही शिकत असते, आणि गृहपाठाच्या पानांमुळे त्याला लिहिण्याचाच कंटाळा येतो. तिसरी-चौथीत तेच वळण निम्म्या श्रमात येते. मात्र ते अजिबात शिकवूच नये, या टोकाला मी जाणार नाही, कारण तसे केल्यावर काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. २०१० साली तिथल्या बहुतेक राज्यांनी जो सामाईक अभ्यासक्रम स्वीकारला, त्यात कीबोर्डचा वापर होता, करसिव्ह नव्हते. पुढे जी मुले मोठी झाली त्यांच्यातल्या अनेकांना आजीचे पत्र वाचता येईना. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांत करसिव्ह पुन्हा आणले, आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला आपले हस्तलिखित दस्तऐवज वाचून उतरवण्यासाठी करसिव्ह वाचता येणाऱ्या स्वयंसेवकांना आवाहन करावे लागले.

जे तिकडे एका पिढीत घडू लागले ते आपल्याकडे केव्हाच घडून गेले आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्याकडे परंपरेने मोडीचे श्रेय दिले जाते. ते कितपत खरे यावर विद्वानांचे वाद असोत, पण त्यानंतरच्या काही शतकांत मराठी माणसाचा रोजचा लेखनव्यवहार मोडीतच झाला, याबद्दल वाद नाही. पोथी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि पत्र, हिशेब, हुकूम, करार मोडीत, अशी सरळ वाटणी होती. शिवकालीन मोडी, पेशवेकालीन मोडी आणि इंग्रजी अमलातली मोडी यांची वळणे जाणकाराला पानावर नजर टाकताच ओळखू येतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत मोडी प्राथमिक शाळेत शिकवली जात असे. छापील अक्षर बाळबोध असल्यामुळे आणि सगळीकडे एकच लिपी असणे सोयीचे असल्यामुळे पुढे ती अभ्यासक्रमातून गेली. ती सोय मी नाकारत नाही. तिची किंमत मात्र आपण कधी मोजली नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सर्वांना ऐकून माहीत असतात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास आजही त्यांच्या आधाराने चालतो. पण तो त्या दफ्तराचा अगदी लहानसा अंश आहे. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, आणि तिथला मोडी कागद तमिळनाडूत आजही वाचणाऱ्याची वाट पाहतो आहे. हे झाले राज्यकारभाराचे कागद. ज्यांचा राजा-पेशव्यांशी काही संबंध नाही अशा साध्या शेतकरी घरांतही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, सावकाराची पावती असे काही ना काही असते. तहसील कार्यालयातल्या जुन्या जमीन नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि कित्येक जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे मोडीत आहेत.

या अडचणीचा अनुभव सगळ्या महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, आणि ती वाचणारी माणसे कुठून आणायची हा प्रश्न उभा राहिला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो, लाखो कुटुंबांशी संबंधित असलेला पुरावा आपल्याच भाषेत, आपल्याच कार्यालयात पडून असताना तो वाचण्यासाठी मोजक्या मोडी जाणकारांच्या तोंडाकडे पाहावे लागावे, ही कोणत्याही बाजूच्या माणसाला खटकावी अशी गोष्ट आहे. ज्या पणजोबांनी ते लिहिले, त्यांना ते लिहिताना काहीच अवघड वाटले नव्हते.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. आमच्या तालुक्यातल्या दोन भावांच्या घरी एक कागद तीन पिढ्या देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवला होता. ती इनामाची सनद आहे, अशी घरात समजूत होती. पानामागे पैसे घेऊन वाचून देणाऱ्या एका गृहस्थाने ‘होय, जमिनीचा कागद आहे’ एवढेच सांगून त्यांची बोळवण केली, आणि त्या भरवशावर भाऊबंदांशी दावा लावण्यापर्यंत गोष्ट गेली. कागद माझ्यासमोर आला तेव्हा ती कर्ज फिटल्याची पावती निघाली. जमिनीचा उल्लेख होता तो एवढाच, की गहाण टाकलेले शेत मोकळे केले आहे. मी तो त्यांना अक्षरावर बोट ठेवून दोनदा वाचून दाखवला. धाकट्या भावाची नववीतली मुलगी शेजारी उभी होती आणि तिसऱ्या वेळी तिने स्वतःहून आपल्या खापरपणज्याचे नाव ओळखले. दाव्याचे पुढे काय झाले ते इथे सांगण्याचे कारण नाही. त्या घरातल्या एका माणसाला जरी मोडीची जुजबी ओळख असती, तरी त्या ‘जाणकारा’ने त्यांना इतक्या सहज वाटेला लावले नसते.

मोडी फार किचकट आहे, असा एक समज आहे. खरे तर देवनागरी येणाऱ्या मुलाला मोडीची अक्षरओळख महिन्याभरात होते. आधी ओळीची शिरोरेषा कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरे लिहीत जायचे, ही पद्धत मुलांना फार आवडते. इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे शुद्धलेखनाच्या धाकात वाढलेल्या मुलांना मोठाच दिलासा मिळतो. कस लागतो तो वाचताना. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, शेजारच्या अक्षराला जोडताना ‘र’ आपले रूप बदलतो, आणि लेखक घाईत असेल तर ‘मुक्काम’, ‘पैकी’ असे नेहमीचे शब्द एकेका अक्षरात आटोपलेले असतात. जुन्या कागदांत कालगणना बहुधा सुहूर सनाची, म्हणजे आकडे अरबी शब्दांत लिहिण्याच्या जुन्या सनाची, असते. ‘सबा सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले की सात, सत्तर, शंभर आणि हजार यांची बेरीज करायची, ११७७ हा आकडा काढायचा, आणि त्यात ५९९ मिळवून इसवी सन १७७६-७७ गाठायचा. इतिहासाचा एक तास, भाषेचा एक तास आणि गणिताचा थोडा सराव यात एकदम होतो. निवृत्तीनंतर मी सुट्टीत काही मुलांना हे शिकवले. सन जुळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातली सनावळी पाठ करून घेताना मला इतक्या वर्षांच्या नोकरीत क्वचितच दिसला.

काही जण म्हणतात की आता संगणकच मोडी वाचेल. तसे प्रयत्न चालू आहेत आणि त्यांना यश यावे अशीच माझी इच्छा आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, हीही चांगलीच गोष्ट झाली. पण यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात, आणि यंत्राने वाचलेले बरोबर आहे की नाही हे तपासायलाही माणूसच लागतो. एका इकाराने माणसाचे नाव बदलते आणि एका ‘पैकी’ने शेताचे क्षेत्र बदलते, अशा ठिकाणी तपासणारा नसेल तर यंत्राची चूक कोर्टात पुरावा म्हणून उभी राहील. मोडी छापता येत नव्हती म्हणून ती गेली, हेही पूर्ण खरे नाही; विल्यम केरी या मिशनऱ्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१० मध्ये मराठी कोश मोडी टाइपात छापला होता.

खरी अडचण शिक्षकांची आहे, आणि ती मी हलकी समजत नाही. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे यांनी शिक्षक आधीच वाकला आहे. त्याच्यावर आणखी एक विषय आणि आणखी एक परीक्षा लादली, तर मोडीचा तास कागदोपत्रीच होईल. म्हणून हा विषय गुणांचा नसावा. मुलाने वर्षअखेरीस गावातला किंवा घरातला एक जुना कागद वाचून त्याचे बाळबोध रूप करून आणावे, तेवढे पुरे. सगळ्या शाळांत एकाच वर्षी सुरुवात करण्याचीही गरज नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक तालुक्यातल्या दोन शाळा घ्याव्यात आणि स्वेच्छेने पुढे येणाऱ्या इतिहासाच्या किंवा मराठीच्या शिक्षकांनाच प्रशिक्षण द्यावे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही: राज्याचे पुराभिलेख खाते आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांना मोडीचे वर्ग घेण्याचा अनुभव आहे. बालभारतीने तीस-चाळीस पानांची कित्त्याची पुस्तिका काढावी. तिच्यात सजवलेली सुलेखनाची पाने न देता खऱ्या खरेदीखताच्या, पत्राच्या आणि नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे द्यावीत, कारण मुलांना पुढे तेच वाचायचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानिमित्ताने भाषेसाठी जे उपक्रम आखले जातील, त्यांत संमेलने आणि पुरस्कार यांच्याबरोबर या तासाचाही विचार शालेय शिक्षण विभागाने करावा, आणि येत्या जूनपूर्वी निदान प्रशिक्षणाचे पहिले वर्ग तरी जाहीर करावेत. मोडी जाणणारे माझ्यासारखे अनेक निवृत्त लोक गावोगावी आहेत. बोलावले तर आम्ही मानधनाची वाट न पाहता शाळेत येऊ.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
सातारा जिल्हा