वर्गाला मोबाइल नंबर मागू नका

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात पदवीच्या वर्गांना शिकवते. आमच्याकडे नोट्स, सूचना, गृहपाठाचे फोटो, सगळे व्हॉट्सॲपवरच चालते. सोय आहे, हे खरे. पण ग्रुपमध्ये घेतले की मुलीचा नंबर अख्ख्या वर्गाच्या हाती जातो. नको ते मेसेज येऊ लागले की ती ग्रुप सोडते आणि तिच्या नोट्सही थांबतात. शिकण्यासाठी कुणालाही आपला नंबर चारचौघांत उघड करावा लागू नये. साधन निवडताना ही अट मी सर्वांत वर ठेवीन.

मग रेंज. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या मुलांना पावसाळ्यात लाइव्ह तास सलग दिसेल याचा भरवसा नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी रेंज असेल तेव्हा उतरवून घेऊन नंतर वाचता येईल असा मजकूरच कामाला येतो.

मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीत हे दोन्ही जमते. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, मराठीतून वापरता येते आणि त्याच्या ॲपवर धडे उतरवून ठेवता येतात. मला त्यातले विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचे पान, विशेष मोलाचे वाटते. चौघांच्या प्रकल्पात बहुतेकदा एकच जण राबतो आणि गुण चौघांना मिळतात. विकीत कुणी कोणता परिच्छेद लिहिला, कुणी तो सुधारला, याची नोंद राहते. ती समोर ठेवून मुलांशी लिखाणाबद्दल बोलता येते, गुणही न्यायाने देता येतात.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस यांना पडतात. हा खर्च आजरा-भुदरगडच्या छोट्या महाविद्यालयांना झेपणारा नाही. म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांसाठी एकच सामायिक मूडल चालवावे आणि त्यासाठी शासनाने तंत्रज्ञांची कायम पदे द्यावीत. कंत्राटी माणूस वर्षभरात निघून जातो आणि नवा येईपर्यंत शिक्षक पुन्हा व्हॉट्सॲपवर येतात.

लाइव्ह तासासाठी गुगल मीट घ्यायचे की जित्सी, हे मात्र शिक्षकावर सोडा. प्रयोगशाळेची गरज वेगळी, भाषेच्या वर्गाची वेगळी.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी याचा शासन निर्णय काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, कोल्हापूर