आमचा वसईचा धर्मप्रांत

वसई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, मुंबईचा एवढा मोठा धर्मप्रांत (एका बिशपच्या, म्हणजे प्रमुख धर्मगुरूच्या, देखरेखीखालचा चर्चचा विभाग) असताना वसईला वेगळा बिशप कशाला? तेव्हा घाईत काहीतरी बोललो, पण ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझी आजी लाल लुगडं नेसून पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची. मिस्सा लॅटिनमध्ये, फादरांची पाठ लोकांकडे. आजीला एक अक्षर कळायचं नाही; ती आपली रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत बसायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६०च्या दशकात रोमला भरलेली जगभरच्या बिशपांची सभा) वेदीवर मराठी आली, त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "देवाला आपलं बोलणं कळतं तर!"

पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा नाशिकला, भीमाशंकरला गेल्या. तिथल्या देवळांत त्या आजही आहेत. राज्यकर्ते गेले. केळीच्या बागा, पानवेली आणि विहिरी राखणारी आमची ख्रिस्ती माणसं मात्र इथेच राहिली, मराठी बोलत. मुंबईच्या चर्चचा कारभार मुख्यतः इंग्रजीतून चाले. आमचं सुखदुःख तिथवर पोचायचं, पण भाषांतर होऊन.

२२ मे १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. वसईतल्या पापडीचं चर्च कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, झालं. पहिले बिशप थॉमस डाबरे याच मातीतले, आणि त्यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांच्या ईश्वरानुभवावर! बिशपांच्या अभ्यासात गाथा असावी, याचा मला आजही केवढा अभिमान वाटतो. २००९ मध्ये ते पुण्याला गेले आणि आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आले. तेही वसईचेच, रोममध्ये आंतरधर्मीय संवादाचं काम करून आलेले. २०२४ पासून थॉमस डिसोजा आहेत.

पण नेतृत्व म्हणजे फक्त बिशप नव्हे. 'सुवार्ता' हे इथलं मराठी ख्रिस्ती मासिक वर्षानुवर्षं सांभाळणारे, वसईची हिरवाई वाचवण्याच्या 'हरित वसई' चळवळीसाठी रस्त्यावर उतरलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठव. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. अजून सावरलो नाही बघ.

पाऊस सरला की ये. रविवारी पापडीला नेतो. मागच्या बाकावर बस आणि नुसती मराठी ऐक.

तुझाच,
मित्र