डीन बंगल्याची ओळख वास्तुशैलीने व्हावी

महोदय,

मुंबईतील जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातील डीन बंगला ‘द जंगल बुक’चे इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे जन्मस्थान म्हणून ओळखला जातो. परंतु १८६५ साली याच आवारात त्यांचा जन्म झाला तेव्हा ही वास्तू नव्हती, ती नंतर उभी राहिली. माझ्या मते तिचे खरे मोल तिच्या बांधणीत आहे. व्हिक्टोरियन काळातील लाकडी नक्षीकामाची हौस आणि कोकणपट्टीच्या पावसाला साजेसे उतरते छप्पर व प्रशस्त व्हरांडे यांचा असा मेळ शहरात आता क्वचितच दिसतो. लाकडाला ओल आणि वाळवी लवकर लागते, म्हणून तेथे अनुभवी सुतारांकडून नियमित देखभाल व्हावी आणि वास्तुशैलीची माहिती देणारा मराठी फलक लावावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, मुंबई