‘काढून टाका’ म्हटल्यावर नेमके काय निघते?

महोदय,

गेल्या महिन्यात भाचीचा वसतिगृह-प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरण्यासाठी तिच्यासोबत बसलो होतो. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, नाते आणि वार्षिक उत्पन्न यांसाठी एकेक ओळ होती. खाली ‘आणखी सदस्य जोडा’ हे बटण आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘काढून टाका’. रेशनकार्ड समोर ठेवून आजोबा, आजी, वडील, आई आणि धाकटा भाऊ अशा पाच ओळी भरल्या आणि मग लक्षात आले की, बहिणीच्या सासूबाईंना जाऊन वर्ष होत आले असले तरी कार्डावरचे त्यांचे नाव अजून कमी झालेले नाही. त्यांच्या ओळीतले ‘काढून टाका’ दाबले, एक ओळ कमी झालेली दिसली आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. अर्ज दाखल करून प्रिंट काढली, तेव्हा आजी दुसऱ्या क्रमांकावर जागच्या जागी होत्या आणि भाऊ नाहीसा झाला होता. कार्यालयात विचारले असता, ‘भरताना तुमच्याच हातून काहीतरी चुकले असेल’ असे उत्तर मिळाले.

मी गेली अकरा वर्षे ड्रूपल या वेबसाइट उभारण्याच्या सॉफ्टवेअरवर वेबसाइट बनवतो. त्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून पाहिला, तर तेथेही ड्रूपलचेच नाव होते. त्यामुळे भाऊ कोठे गेला असावा, हे मला सांगता येते.

ड्रूपलमध्ये फॉर्मची मालकी ब्राउझरकडे नसते, सर्व्हरकडे असते. सर्व्हरने स्वतः न मांडलेल्या चौकटीतून आलेली माहिती तो स्वीकारत नाही. ही सुरक्षिततेची सोय आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून ‘आणखी जोडा’ दाबल्यावर अजॅक्सने, म्हणजे पूर्ण पान नव्याने न उघडता, सर्व्हरला निरोप जातो, तो ओळींची नोंद ‘फॉर्म स्टेट’मध्ये (फॉर्मच्या सद्यस्थितीच्या नोंदवहीत) बदलतो, फॉर्म नव्याने उभा करतो आणि बदललेला भाग परत पाठवतो. हे करताना, माणसाने टाइप केलेले वाया जाऊ नये म्हणून, आधी भरलेला मजकूर तो त्या त्या क्रमांकाच्या चौकटीत पुन्हा ठेवतो. ओळ जोडताना ही काळजी उपकारक ठरते, पण काढताना तीच अंगाशी येते. पाचाच्या चार ओळी करा, एवढेच सर्व्हरला सांगितले, तर तो पहिल्या चार चौकटी पुन्हा मांडतो, त्यांत जुनाच मजकूर भरतो आणि पाचवी गाळतो. आमच्या अर्जातला भाऊ पाचवा होता.

यावरचा उपाय अवघड नाही. प्रत्येक ओळीला मिळालेला क्रमांक शेवटपर्यंत तिचाच ठेवावा, ओळ काढली की तो क्रमांक यादीतून वगळावा आणि पुन्हा कोणाला देऊ नये. चाळीतली दोन नंबरची खोली रिकामी झाली म्हणून तीन नंबरवाल्यांना कोणी दोन नंबर देत नाही, नाहीतर पोस्टमनने पत्रे टाकायची कोठे? दुसरी खबरदारी म्हणजे प्रत्येक ‘काढून टाका’ बटणाला कोडमध्ये वेगळे नाव देणे. सगळ्या बटणांवर एकच अक्षरे असतील आणि आतले नावही एकच असेल, तर कोणतेही दाबले तरी शेवटचेच दाबले असे ड्रूपल धरून चालतो. तिसरी बाब त्रासाची, पण नुकसानीची नव्हे: ओळ काढताना इतर चौकटींची तपासणी थांबवली नसेल, तर ‘उत्पन्न भरणे आवश्यक आहे’ असे फॉर्म त्याच ओळीबद्दल बजावतो, जी आपल्याला मुळात नकोच असते.

ही चूक इतक्या ठिकाणी का दिसते, याबद्दल माझा एक तर्क आहे. ड्रूपल शिकणाऱ्यांसाठी नमुन्यांचे जे मॉड्यूल (जोड-सॉफ्टवेअर) आहे, त्यात नावे जोडण्या-काढण्याचा एक छोटा फॉर्म आहे. त्यात काढण्याचे बटण एकच असून ते शेवटची ओळ कमी करते, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही आहे. घाईतला डेव्हलपर तोच कोड उचलतो आणि तेच बटण प्रत्येक ओळीपुढे लावून मोकळा होतो. दोष ड्रूपलचा नाही. फॉर्म बांधण्याची ही पद्धत त्यात 2006 पासून आहे आणि केंद्र सरकारचे ‘मायगव्ह’ हे लोकसहभागाचे संकेतस्थळही ड्रूपलवरच उभे राहिले. मात्र एकाहून अधिक नोंदींच्या चौकटींसाठी ड्रूपलच्या गाभ्यातच अनेक वर्षे जोडण्याचे बटण होते आणि काढण्याचे नव्हते, चौकट रिकामी करून ठेवावी लागे, हेही येथे कबूल केले पाहिजे.

अशी कामे करून घेणाऱ्या संस्थांना माझी एकच विनंती आहे. कंत्राटदाराचे अंतिम बिल मंजूर करण्यापूर्वी, कोड न कळणाऱ्या एखाद्या लिपिकाला फॉर्मवर बसवावे. त्याने पाच ओळी भराव्यात, मधली दुसरी काढावी, मग एक नवी जोडावी, अर्ज दाखल करावा आणि प्रिंट ताडून पाहावी. याला पाच मिनिटे पुरतात. हीच चाचणी माऊसला हात न लावता, केवळ कीबोर्डवर एकदा करावी. कारण ओळ निघाल्यावर कर्सर पानावर भलतीकडेच गेला, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध अर्जदाराला आपण कोठे आहोत हेच कळत नाही.

भाचीचा पहिला अर्ज रद्द करून आम्ही पुन्हा शुल्क भरले आणि नव्या अर्जात सुरुवातीपासून चारच ओळी घेतल्या. ‘काढून टाका’ला हात लावला नाही.

आपला,
एक वाचक, पुणे