‘अपाय काहीच नाही’ असं छापू नका

संपादक महाशय,
स. न.

रविवारच्या पुरवणीत डोकेदुखीवरचे लेप आणि बाम यांवर मजकूर आला होता. माहिती बरी होती. शेवटचं ‘अपाय काहीच नाही’ हे मात्र खटकलं, म्हणून लिहिते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी माझ्याकडे गणवेशांचा ढीग. दिवसभर मान खाली घालून मशीन चालवली की संध्याकाळी दोन्ही कानशिलं अशी आवळतात, जणू कोणी डोक्याला टेप गुंडाळून ओढतंय. सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळून द्यायच्या. “लाव वं, झोंबलं म्हणजे लागू पडलं.” एकदा लेप तसाच ठेवून झोपले. सकाळी कपाळ लालभडक, मग आठ दिवस काळा डाग. गिऱ्हाईक बाया हळूच विचारत, घरात भांडण झालं का? नवरा बिचारा फुकट बदनाम.

मुलगी यवतमाळला फार्मसी शिकते. ती म्हणाली, जर्मनीत पेपरमिंटचं १० टक्के तेल अल्कोहोलमध्ये मिसळून कपाळाला, कानशिलांना लावून पाहिलं. १९९६ साली निष्कर्ष छापून आले: ताणाच्या डोकेदुखीत ते पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांइतकं उतरलं. त्यातलं मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं. बामातही हेच मेंथॉल असतं, म्हणजे त्याचा गारवा काही थोतांड नाही. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत किराणा दुकानातून रोज गोळी घेणाऱ्या बायांना तर मी बामच सुचवते. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस गोळ्या, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीनंच डोकं दुखायला लागतं. मी स्वतः वाटाण्याएवढा बाम कानशिलांना नि मानेला चोळते, डोळ्यांपासून दोन बोटं लांब, आणि दर तासाभरानं मशीनवरून उठते.

पण मागच्या हिवाळ्यात शेजारच्या आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली आणि आजीनं तोच बाम त्याच्या नाकाखाली लावला. पोर श्वासासाठी तडफडायला लागलं. रात्री मोटारसायकलवर आरोग्य केंद्र गाठलं, म्हणून निभावलं. कापूर-मेंथॉलचा बाम दोन वर्षांखालच्या लेकराच्या नाकातोंडाजवळ न्यायचाच नसतो.

पुढच्या रविवारी एवढी ओळ चौकटीत, ठळक अक्षरांत छापा. आमच्याकडे पेपर पारावर मोठ्यानं वाचतात, आज्या तिथंच ऐकतात.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ