शब्द फक्त मुलांनीच का पाळायचा?

महोदय,

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलविषयी (म्हणजे अंडाकृती चेंडूच्या, इथल्या फुटबॉलविषयी) आपल्या क्रीडा पानावर आलेले टिपण वाचले. नामांकित शाळकरी खेळाडू एका विद्यापीठाला शब्द देतात आणि जास्त पैसा दिसताच तो फिरवतात, ही पिढीच बेभरवशाची आहे, असा त्याचा एकूण सूर होता. डेट्रॉईटजवळच्या कॅन्टन गावी मी अनेक वर्षे राहतो. मिशिगन विद्यापीठाचे लाखाहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, आणि टिपणात ज्याचा उल्लेख आहे तो ब्राइस अंडरवूड आमच्या शेजारच्याच बेलव्हिल गावचा. म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या वाचकांना कबड्डी आणि क्रिकेटमधील लिलाव परिचित आहेत. इथल्या व्यावसायिक एनएफएलमध्येही ‘ड्राफ्ट’ असतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि कोणत्या संघात जायचे हे खेळाडूच्या हाती नसते. कॉलेजमध्ये मात्र लिलाव नाही आणि ड्राफ्टही नाही. शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुलाला दहा-वीस विद्यापीठे मागणी घालतात, प्रशिक्षक घरी येऊन बसतात आणि त्यातून एकाची निवड मुलाने करायची असते. निवड केली की तो ‘कमिट’ झाला असे म्हणतात. शाळेच्या जिममध्ये टेबलावर चार-पाच विद्यापीठांच्या टोप्या मांडून त्यातली एक डोक्यावर चढवण्याचा सोहळाही होतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने ही केवळ बोलणी झाली. सुपारी फुटते ती सही-दिनाला, म्हणजे विद्यापीठाच्या कागदावर सही करण्याच्या ठरलेल्या दिवशी. मधल्या काळात मुलगा मोकळा असतो आणि विद्यापीठही तितकेच मोकळे असते. यातला दुसरा अर्धा भाग आपल्या टिपणात आला नाही, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

अंडरवूडचेच उदाहरण घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये त्याने लुइझियाना स्टेटला शब्द दिला आणि नोव्हेंबरात तो फिरवून घराजवळचे मिशिगन निवडले. त्यामागे एक कोटी डॉलरहून मोठ्या रकमा असल्याच्या बातम्या छापून आल्या, त्यामुळे पैशाचा वाटा मोठा होता हे मी नाकारत नाही. पण पुढे काय झाले तेही पाहावे. लुइझियाना स्टेटने मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये काढले आणि मिशिगनने शेरॉन मूर यांना त्याच वर्षी १० डिसेंबरला काढले. म्हणजे हा मुलगा शब्दाला जागून लुइझियाना स्टेटच्या बॅटन रूजला गेला असता तरी, किंवा शब्द मोडून मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरला आला तरी, ज्या माणसाच्या भरवशावर जायचे तो माणूस पहिले वर्ष सरायच्या आत गेलेलाच होता. केली यांच्या बडतर्फीची कारणे निराळी आणि मूर यांची निराळी, हे खरे. पण मुलाच्या दृष्टीने परिणाम एकच.

मूर यांच्या बाबतीत तारखाही लक्षात घ्याव्यात. पुढच्या वर्षीच्या मुलांचा सही-दिन ३ डिसेंबरला झाला होता. सह्या होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच प्रशिक्षक गेला. त्याच सही-दिनाच्या तीन दिवस आधी मुख्य प्रशिक्षक लेन किफिन हे मिसिसिपी विद्यापीठ सोडून लुइझियाना स्टेटला गेले, तेही मिसिसिपीचा संघ उत्तम हंगाम खेळत असताना. २०२१ मध्ये प्रशिक्षक लिंकन रायली ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, तेव्हा ओक्लाहोमाला शब्द दिलेला नावाजलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाच्या चाली चालवणारा खेळाडू) मलाकाय नेल्सन दोन दिवसांत त्यांच्या मागोमाग गेला. बेइमानीचा ठपका मात्र प्रेक्षकांनी त्या शाळकरी पोरावरही ठेवला.

आमच्या गल्लीतील एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव आणि विद्यापीठ दोन्ही सांगत नाही. आक्रमक फळीत खेळणारा, तीन ताऱ्यांचा, म्हणजे चांगला पण वर्तमानपत्रात झळकणारा नव्हे. त्याच्या आईने एक वही ठेवली होती. कोणत्या विद्यापीठातून कोणाचा फोन केव्हा आला, काय बोलणे झाले, सारे तारीखवार. जून महिन्यात त्याने शेजारच्या राज्यातील एका विद्यापीठाला होकार दिला. त्यानंतर दर रविवारी रात्री तिथल्या फळीच्या प्रशिक्षकाचा फोन यायचा. मुलाशी पाच मिनिटे, मग आईशी, आणि आजीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचीही विचारपूस. नोव्हेंबरअखेर त्या गृहस्थांना दुसरीकडे नोकरी मिळाली आणि वहीतल्या नोंदी थांबल्या. सही-दिनाच्या आदल्या सोमवारी नव्या माणसाने कळवले की जागा भरल्या आहेत, त्याने ‘ग्रेशर्ट’ व्हावे. म्हणजे आता शिष्यवृत्ती नाही, वर्षभराने जानेवारीत पाहू. इतर विद्यापीठांना मुलाने उन्हाळ्यातच नकार कळवलेला होता, कारण दिलेला शब्द पाळायचा असे घरच्यांनी त्याला बजावले होते. त्या सोमवारी मी बर्फ काढायला बाहेर पडलो, तर तो अंगणात फावडे घेऊन उभा होता आणि आधीच साफ केलेली वाट पुन्हा साफ करत होता.

विद्यापीठांच्या बाजूनेही बोलायला हवे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. इतका पैसा फिरू लागल्यावर शेवटच्या आठवड्यात कोणी बोली वाढवून मुलगा पळवेल ही धास्ती प्रशिक्षकांना असते आणि ती खोटी नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते रात्ररात्र फोनवर असतात. तरीही नुसत्या रकमेने मुले टिकत नाहीत, असे मी इथे पाहत आलो आहे. रोज शिकवणारा प्रशिक्षक तोच राहील याची खात्री, घरापासूनचे अंतर आणि आधी कमिट झालेल्या क्वार्टरबॅकने इतरांना स्वतः केलेले फोन, या गोष्टींचे वजन फार असते.

मुलांनी शब्दाला बांधून राहावे असे वाटत असेल, तर मला दोन बदल सुचतात. एक, सही-दिन पुन्हा फेब्रुवारीत न्यावा. २०१७ पर्यंत तो तेव्हाच असे. त्या वर्षी डिसेंबरमधील लवकरची मुदत सुरू झाली आणि ती नेमकी प्रशिक्षकांच्या पळापळीच्या मोसमात येते. दुसरे, कमिट होण्याच्या दिवशीच दोन्ही बाजूंनी लेखी करार व्हावा: मुलाने मोडला तर त्याने भरपाई द्यावी, विद्यापीठाने मोडला तर विद्यापीठाने द्यावी, आणि मुख्य प्रशिक्षक गेला तर मुलगा महिनाभर मोकळा असावा. यात अव्यवहार्य काही नाही, कारण प्रशिक्षकांच्या करारात अशी भरपाई असतेच. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर बंधनकारक होते. आमच्या गल्लीतील मुलाच्या हाती आईची वही तेवढी होती.

जाता जाता एक दुरुस्ती. मुले सही-दिनाला ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही करतात, असे आपल्या टिपणात म्हटले आहे. १९६४ पासून चालत आलेले ते पत्र ऑक्टोबर २०२४ मध्येच रद्द झाले असून आता आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते.

आपला,
एक नियमित वाचक
कॅन्टन, मिशिगन